नावाचा अधिवास

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुंबई राज्यातला मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून घर, शेत व दुकान जागच्या जागी राहूनही त्यांवरचा अंमल दूर कोठे तरी ओढलेल्या रेषेने बदलू शकतो, हे सीमाभागातील मराठी माणसास कोणी समजावून सांगावे लागलेले नाही. इंटरनेटने अशा सर्व रेषा पुसून टाकल्या, अशी एक समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. कारण संकेतस्थळाच्या पत्त्याच्या अखेरीस जी दोन अक्षरे असतात ती बहुधा एखाद्या देशाची असतात, आणि त्यांपैकी कित्येक देश ते नाव देण्यापूर्वी मागणाऱ्याचा अधिवास विचारतात.

आपल्या देशाची अक्षरे ‘डॉट इन’. ती १९८९ साली भारतास मिळाली. परंतु प्रारंभीचे नियम इतके कडक होते की २००४ अखेरपर्यंत त्याखाली सुमारे ७ हजार नावेच नोंदली गेली. २००५ साली हा कारभार निक्सी या ना-नफा संस्थेकडे आला, दार खुले झाले, आणि आज जगातील कोणीही, कोठेही राहून, एक ते दहा वर्षांच्या मुदतीसाठी हे नाव घेऊ शकतो. काही दालने मात्र पात्रतेवाचून उघडत नाहीत. ‘डॉट गव्ह डॉट इन’ शासनाचे आणि ‘डॉट एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांचे. त्यांत आता ‘डॉट बँक डॉट इन’ची भर पडली असून, बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे तेथे हलवावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला व नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपविण्यात आले. नागरी सहकारी बँका या आदेशात येतात. पतसंस्था ही बँक नसल्यामुळे तिला ते नाव मिळत नाही, आणि बँकेच्या नावाने फसवणूक करणाऱ्यांना आळा घालण्याचा जो हेतू त्यामागे आहे तो पाहता हा भेद योग्यच म्हटला पाहिजे.

खरा अधिवासाचा प्रश्न परदेशी नावांच्या बाबतीत उभा राहतो. समजा, बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीचा माल परदेशी जातो आणि ग्राहकाच्या देशातले नाव आपल्या संकेतस्थळास असावे असे मालकास वाटते. कॅनडाचे ‘डॉट सीए’ तेथील नागरिक, कायम रहिवासी किंवा तेथे स्थापन झालेली कंपनी यांना मिळते. कॅनडात व्यापारचिन्ह नोंदविलेल्या परदेशी मालकास त्या चिन्हाशी जुळणारे नावच तेवढे घेता येते. अमेरिकेचे ‘डॉट यूएस’ काहीसे उदार आहे, कारण त्या देशात नियमितपणे मालाची विक्री करणारी परकी कंपनीही तेथे पात्र ठरू शकते. जपानच्या ‘डॉट जेपी’ला जपानातील पत्ता लागतो. नॉर्वे संस्थेची आपल्या सरकारी दफ्तरातील नोंद तपासतो.

हस्तांतरणाच्या वेळी लोकांची गफलत होते ती येथे, की दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दाने ओळखल्या जातात. नाव एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे नेणे ही पहिली गोष्ट; तिला नावावरचे कुलूप काढून ऑथ कोड नावाचा गुप्त संकेतांक दिला की पुष्कळदा काम भागते. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द धारकच बदलणे, आणि तिचे स्वरूप शेतजमिनीच्या व्यवहारासारखे आहे. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याने पैसे मोजले तरी शेतजमीन आजही त्याची होत नाही, आणि कर्नाटकात कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीपर्यंत होत नसे, तद्वत अधिवासाची अट असलेले नाव अपात्र माणसाने विकत घेतले तर किंमत चुकती होऊनही धारक म्हणून त्याची नोंद कायम राहत नाही. म्हणून रक्कम देण्यापूर्वी पात्रतेचे दाखले पाहावेत. व्यवहार मोठा असल्यास रक्कम त्रयस्थाकडे ठेवून, दफ्तरी धारक बदलल्यावरच ती विक्रेत्यास पोचावी.

पात्रता एकदा सिद्ध केली म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. ‘डॉट इयू’ हे नाव युरोपीय संघातील रहिवासी व संस्थांसाठी आहे, आणि २०१९ पासून संघाच्या नागरिकांना ते कोठेही राहून घेता येते. ब्रिटन संघातून बाहेर पडले, २०२० अखेर संक्रमणकाळ संपला, आणि १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनमधील धारकांची सुमारे ८० हजार नावे स्थगित झाली. ज्यांना संघातील पत्ता अथवा नागरिकत्व दाखविता आले नाही त्यांची नावे पुढे २०२२ च्या जानेवारीपासून रद्द होऊन इतरांस खुली झाली. त्या धारकांनी कोणताही नियम मोडला नव्हता, शुल्क थकविले नव्हते. केवळ देशाची सीमा त्यांच्या पायांखालून सरकली होती. हे दुःख बेळगावच्या वाचकाइतके सहज दुसऱ्या कोणास उमजणार?

अशा अडचणीवर स्थानिक मुखत्यार पुरविणाऱ्या कंपन्या हा तोडगा सुचविला जातो. त्यात त्या देशातील कोणी तरी आपल्या वतीने धारक होतो. काही देशांत हे मान्य आहे, काहींत निषिद्ध. आणि मान्य असेल तेथेही दफ्तरात नाव मुखत्याराचेच राहते, हे विसरता कामा नये. टोरांटोस स्थायिक झालेल्या भाच्याच्या नावे ‘डॉट सीए’ घ्यावे, असे आपल्याकडे आपुलकीने ठरते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते नाव भाच्याचे होते, मामाच्या कारखान्याचे नव्हे. उभयतांत लेखी करार असावा, आणि नूतनीकरणाची तारीख दोघांच्याही वहीत असावी.

माझे आग्रहाचे सांगणे सीमाभागातील वाचनालये, शिक्षणसंस्था, नाट्यमंडळे आणि पतसंस्था यांना आहे. आपले नाव कार्यवाहाच्या किंवा संकेतस्थळ करून देणाऱ्या तरुणाच्या खाजगी खात्यावर ठेवू नका. ते संस्थेच्या नावे, संस्थेच्या ईमेलवर नोंदवा आणि त्याचे दस्तऐवज इतिवृत्तासोबत जपा, कारण कार्यकारिणी बदलते, माणसे परगावी जातात, आणि मग गुप्त संकेतांक कोणाकडे आहे याचाही थांग लागत नाही. दुसरे असे की, २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत ‘डॉट भारत’ सुरू झाले आहे; मराठी व कोकणीसह आठ भाषांना ते उपलब्ध असून पुढे कन्नड लिपीलाही तसेच नाव मिळाले आहे. हे नाव देताना आपण महाराष्ट्रात राहता की कर्नाटकात, असे कोणी विचारत नाही. निपाणीच्या संस्थेचा पत्ता निपाणीतूनच, शुद्ध मराठीत, राज्यसीमेच्या कोणत्याही दाखल्यावाचून नोंदविता येतो. हा हक्क हाती असताना तो वापरला नाही, तर तो दोष मात्र कोणत्याही सीमा आयोगाच्या माथी मारता येणार नाही.