फांदीवरची माती आणि नलिनी नाडकर्णी

डिसेंबर २०२४ च्या पुरात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात होह नदीने काठचा रस्ता तोडला आणि ऑलिंपिक नॅशनल पार्कमधलं सगळ्यात प्रसिद्ध वर्षावन पर्यटकांना बंद झालं. मे २०२५ मध्ये रस्ता पुन्हा सुरू झाला. या रस्त्याच्या टोकाला असलेली ‘हॉल ऑफ मॉसेस’ नावाची पायवाट जेमतेम सव्वा किलोमीटरची आहे. लहान मुलांना घेऊन, मध्ये मध्ये थांबत गेलं तरी तासाभरात फेरी पूर्ण होते. या तासाभराच्या वाटेवर वनस्पतिशास्त्रातला एक अतिशय देखणा शोध माणसाच्या डोक्यावर लटकत असतो, आणि बहुतेक लोक त्याच्याखाली फोटो काढून पुढे जातात.

इथे वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पॅसिफिकवरून येणारी ओली हवा २,४३२ मीटर उंचीच्या माउंट ऑलिंपसला अडते आणि पश्चिमेच्या दऱ्यांमध्ये रिकामी होते. डोंगरापलीकडच्या सेक्विम गावाला जेमतेम चारशे मिलिमीटर मिळतो! होहच्या खोऱ्यात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, उन्हाळा त्या मानाने कोरडा जातो.

वाटेवर पहिल्यांदा नजर जाते ती आडव्या पडलेल्या ओंडक्यांकडे. सिटका स्प्रूस आणि हेमलॉकची रोपं जमिनीवर फारशी तग धरत नाहीत, कारण तिथे मॉस आणि नेच्यांची दाट गर्दी असते. पडलेल्या खोडावर मात्र त्यांना जागा आणि उजेड मिळतो. शंभर-दोनशे वर्षांनी ओंडका कुजून नाहीसा होतो आणि मोठाले वृक्ष एका रेषेत उभे राहिलेले दिसतात, बुंध्याखाली पोकळी आणि मुळं पाय फाकून रोवलेली.

खरी गंमत बिगलीफ मेपलवर आहे. याच्या प्रत्येक फांदीवरून मॉसचे हिरवे पडदे लोंबत असतात. मध्येच लिकोरिस फर्न उगवलेला असतो. त्याच्या खोडाला ज्येष्ठमधाची गोडी असते. हे ओझं बघून अनेकांना वाटतं की मॉस झाडाला खातोय. तसं काहीही नाही. बांडगूळ झाडाच्या आत घुसून रस ओढतं. मॉसला मुळंच नसतात. त्याचं पोट पाऊस, धुकं आणि वाऱ्याबरोबर आलेल्या धुळीवर भरतं. कोरड्या ऑगस्टमध्ये तो कुरकुरीत होऊन पडून राहतो आणि पाऊस लागला की थोड्याच वेळात पुन्हा हिरवा होतो.

१९८०च्या आसपास वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने वर काय चाललंय ते प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरवलं. नलिनी नाडकर्णी तिचं नाव. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, आई ज्यू. झाडाच्या शेंड्यांचा अभ्यास म्हणजे टारझनचे खेळ, असंच तेव्हा अनेक प्राध्यापकांना वाटायचं. नाडकर्णींनी गिर्यारोहकांचे दोर घेतले, मेपलवर चढल्या आणि मॉसच्या गादीची एक कड उचलून पाहिली. वर जिवंत हिरवा थर, खाली तपकिरी मेलेला थर, आणि त्याच्याही खाली काळी, ओलसर, खरीखुरी माती. त्या मातीत मुळं पसरलेली होती. मुळांचा माग काढत गेल्यावर ती त्याच मेपलच्या फांदीतून निघालेली आढळली.

वडाच्या पारंब्या आपल्या इतक्या ओळखीच्या आहेत की फांदीला मुळं फुटण्याचं आपल्याला नवल वाटत नाही. पण पारंबी जमिनीकडे येते. मेपलची ही मुळं खाली येतच नाहीत. ती स्वतःच्याच फांदीवर साठलेल्या मातीत शिरतात आणि तिथलं पाणी व पोषणद्रव्यं घेतात. मॉसने वर्षानुवर्षं हवेतून गाळून जमवलेली पुंजी झाडाला जमिनीला हात न लावता मिळते. १९८१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा शोधनिबंध आला, तेव्हा नाडकर्णींची पीएचडीही पूर्ण झाली नव्हती. पुढे त्यांनी मोजमाप केलं, तर झाडावरच्या या वनस्पतींचं वजन झाडाच्या स्वतःच्या पानांच्या जवळपास चौपट भरलं.

एवढं असूनही आज अशा जंगलाचा विषय निघाला की लोक बोलतात ते ‘वुड वाइड वेब’बद्दल, म्हणजे बुरशीच्या तंतूंमधून एकमेकांना अन्न आणि निरोप पाठवणाऱ्या झाडांबद्दल. या कल्पनेमागचा वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांचा १९९७ चा मूळ प्रयोग उत्तम होता. त्यावर नंतर रचलेली ‘माता वृक्ष पिल्लांना भरवतो’ ही कथा मात्र पुराव्याच्या फार पुढे गेली आहे. जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तिघा संशोधकांनी २०२३ मध्ये ते सविस्तर दाखवून दिलं. त्यातल्या जोन्स १९९७ च्या त्या निबंधाच्या सहलेखिका होत्या, म्हणून त्यांच्या शब्दाला जास्त वजन आहे. जमिनीखालच्या अर्धसिद्ध गोष्टीवर इतकी पुस्तकं निघतात आणि डोळ्यांना दिसणारी, हाताने चाचपता येणारी फांदीवरची मुळं मागे राहतात, हे खटकतं.

या शोधाला व्यवहाराचीही बाजू आहे. फुलांच्या सजावटीसाठी त्या भागातल्या जंगलांमधून मॉस ओरबाडून विकला जातो. फांदी एकदा सोलली की तो थर पुन्हा तयार व्हायला दशकं लागतात, असं नाडकर्णींना आढळलं. मग मॉस मुद्दाम वाढवता येईल का, याचा शोध त्यांनी २००४ पासून वॉशिंग्टनमधल्या एका तुरुंगातल्या कैद्यांबरोबर सुरू केला. २०१५ मध्ये संशोधन करताना ऑलिंपिक भागातच एका झाडावरून त्या सुमारे पंधरा मीटर खाली कोसळल्या, जबर जखमी झाल्या, आणि बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागल्या.

सिअ‍ॅटल परिसरात आज कितीतरी मराठी कुटुंबं आहेत आणि सुट्टीत होहला जाणारी त्यांतली बरीच. त्यांनी मुलांना मेपलखाली उभं करून ही हकिकत जरूर सांगावी, आणि मॉसला हात लावू देऊ नये. आपल्या शालेय पुस्तकांनीही मुळांच्या धड्यात वडाशेजारी बिगलीफ मेपलला आणि नलिनी नाडकर्णींच्या नावाला जागा द्यावी.