एक प्रिंटर, दोन संगणक

कावेरीकाठच्या तिरुवैयारुसह साऱ्या तमिळनाडूत २०११ पासून सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले गेले. सुरुवातीच्या लॅपटॉपांत विंडोजच्या जोडीला सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही होती. अशा एखाद्या घरात वडिलांचा संगणक विंडोजचा, प्रिंटर त्यालाच जोडलेला. मुलगी मात्र लिनक्सवर अर्ज लिहिते. उद्या शेवटची तारीख आणि कागद काही निघत नाही!

बिघाड प्रिंटरात नसतो. दोन संगणकांची बोलीच वेगळी, तिथे दुभाष्या हवा. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तो घडवला आणि फुकट दिला. पुढे त्याचे नाव पडले ‘सांबा’. तंजावरकडच्या माणसाला सांबारच आठवायचे!

दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर असावेत. वडिलांच्या संगणकात प्रिंटर ‘शेअर’ करावा व तो संगणक चालू ठेवावा. लॅपटॉपमध्ये त्याचे नाव, पासवर्ड आणि प्रिंटरचे मॉडेल द्यावे. मात्र काही स्वस्त प्रिंटर विंडोजवाचून कोणाचेच ऐकत नाहीत. त्यांच्यापुढे सांबाचेही चालत नाही. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वीच दुकानदाराला लिनक्सचे विचारावे. आणि आजची रात्र निभवायची तर अर्जाची पीडीएफ करून पेनड्राइव्हने वडिलांच्या संगणकावर न्यावी.