बारचा परवाना आणि आपली मळी

मीरा-भाईंदरच्या बारवाल्याचा परवाना थांबला तर आपल्याला काय त्याचे, असे कुणी सभासद म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या उसाची मळी, तिचे स्पिरिट आणि काशीमिऱ्याच्या बारमधली बाटली, सगळे १९४९ च्या एकाच दारूबंदी कायद्याखाली येते. त्यातले कलम ५४ परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचे. फी थकली, अट मोडली की ते लागते. मालक घरी असला आणि अट नोकराने मोडली तरीही!

निलंबन झाले की लोक थेट हायकोर्टाकडे धावतात. तिथे पहिला प्रश्न, अपील केले का? जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमावर राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील, नंतर शासनाकडे फेरतपासणी, मग रिट. तोवर कुलूपच, म्हणून स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा.

'धंदा हा आमचा मूलभूत हक्क' हे बोलणे कोर्टात टिकत नाही. खोडे डिस्टिलरीज खटल्यात १९९४ साली सुप्रीम कोर्टाने दारूच्या धंद्यापुरते ते निकालात काढले. टिकते ते साधेच: नोटीस मिळाली का, म्हणणे ऐकले का, हुकमात कारण लिहिले का. आणि हे दाखवायला आपलेही दप्तर चोख लागते.

डिस्टिलरी असलेल्या कारखान्याचा परवाना अडकला तर मळी टाकीत पडून राहते, आणि झळ उसाच्या बिलाला लागते. तेव्हा वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर मळीचे रजिस्टर रोज लिहिले जाते का, हेही सभासदांनी जरूर विचारावे.