ग्रामसभेचे संकेतस्थळ : खर्च की भांडवल?

व्यवसायासाठी तज्ज्ञाकडून संकेतस्थळ रचून घेणे हा जाहिरातीचा खर्च समजावा की भांडवली गुंतवणूक, हा प्रश्न बहुधा शहरी दुकानदारीच्या संदर्भात चर्चिला जातो. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत त्याचे स्वरूप निराळे आहे. कारण येथे विक्रेता ग्रामसभा आहे, माल जंगलात आहे आणि ग्राहक दूरचा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू व तेंदूपाने यांची गणना गौण वनोपजात केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास हा हक्क २०१२ मध्ये मिळाला. हक्काबरोबर विक्रीची जबाबदारीही आली. निविदा मोजक्याच व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली, तर त्यांना आपसांत भाव ठरविणे सोपे जाते. मग हक्क गावाचा आणि भाव व्यापाऱ्याचा, अशी स्थिती उत्पन्न होते.

माहिती मिळविण्यासही किंमत पडते, हे स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये दाखविले. मालाच्या प्रतीविषयी खात्री नसलेला ग्राहक चांगल्या मालासही कमी भाव देतो, हे ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये. मध्य प्रदेशातील सोयाबीन उत्पादकांना भाव कळविणाऱ्या संगणक-केंद्रांचा अपराजिता गोयल यांनी अभ्यास केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भाव सुमारे १ ते ३ टक्के वाढल्याचे आढळले. अर्थात तेथे कंपनी स्वतः खरेदीही करीत होती. केवळ माहितीचा हा परिणाम, असे म्हणता येणार नाही.

तज्ज्ञाची रचना म्हणजे नुसती सजावट नव्हे. बांबूची जात, लांबी, घेर, नगसंख्या, साठ्याचे ठिकाण आणि तेथवर मालमोटार जाते किंवा नाही, ही माहिती ग्राहकास क्रमाने मिळाली पाहिजे. हक्कपत्र, ग्रामसभेचा ठराव व मागील विक्रीचे दर शेजारीच असावेत. पान क्षीण संपर्कातही उघडेल इतके हलके हवे. शिवाय या पानाचा दुसरा वाचक स्वतः ग्रामसभेचा सभासद आहे. हिशेब त्याला मराठीत वाचता यावा, गोंडीत ऐकता यावा. तसे झाल्यास संकेतस्थळ विक्रीबरोबरच देखरेखीचेही साधन ठरते.

आता खर्चाचा विचार करू. समजा, रचना व देखभाल मिळून वार्षिक खर्च ६०,००० रुपये आहे. एक लाख बांबू विकणाऱ्या ग्रामसभेस तो भरून काढण्यास नगामागे ६० पैसे अधिक मिळाले तरी पुरे. दहा हजार विकणारीस मात्र ६ रुपये लागतील. म्हणून लहान गावांनी, कोरची तालुक्यातील महाग्रामसभेप्रमाणे, संघ करून हा खर्च वाटून घेणे श्रेयस्कर. संकेतस्थळाचे नाव व त्याचे अधिकार रचनाकाराच्या नव्हे, ग्रामसभेच्या नावे असावेत, हेही करारातच नमूद व्हावे. माहिती वेळच्या वेळी बदलणारा माणूस गावात नसेल, तर जुनी निविदा दाखविणारे पान विश्वास वाढविण्याऐवजी घटवील.

सारांश, चांगल्या संकेतस्थळाने बांबूची प्रत सुधारत नाही किंवा रस्ता तयार होत नाही. ते बोली लावणाऱ्यांची संख्या वाढवू शकते व व्यवहार सर्वांसमोर ठेवू शकते. या दोन गोष्टी साधत असतील, तरच त्यावरील खर्चास भांडवल म्हणणे सयुक्तिक होईल.