थंडीतली सायकल आणि चेनवरचं दव

युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते सायकली खातं. नागपूरजवळच्या कळमेश्वरात मीठ नाही, पण दव आणि धूळ आहे. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. अशा निरभ्र रात्री अंगणातल्या सायकलचं लोखंड हवेपेक्षाही गार पडतं, त्यावर दव जमतं आणि पाणी व ऑक्सिजन मिळून गंज धरतो. म्हणून सायकल छपराखाली ठेवा.

धूळ त्याहून वाईट. तेलकट चेनवर ती बसली की पॉलिश पेपरसारखी पिना घासते, चेन सैल पडते आणि मग दातेही झिजतात. तेलाचं खरं काम रोलरच्या आत असतं, बाहेरचं तेल फक्त धूळ ओढतं. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका, पायडल उलटं फिरवा, थोड्या वेळाने वरचं तेल कोरड्या कापडाने टिपून घ्या. हे शेवटचं टिपणं बरेच जण टाळतात, आणि चेन तिथेच काळी पडते.

रिमवर ब्रेक लागत असतील तर तिथे तेलाचा थेंबही नको. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतो, त्यामुळे बादली आणि फडकंच बरं.