डेल्फ्टचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ

नेदरलँड्समधील डेल्फ्टचे तांत्रिक विद्यापीठ १८४२ मध्ये स्थापन झाले ते अभियंते घडवण्यासाठी. पण शेती, औषधे आणि सांडपाणी यांचा विचार केला, तर तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचे ऋण अधिक मोठे ठरते.

मार्टिनस बायरिंक १८८५ मध्ये डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरीला लागले. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू त्यांनी तिथेच, १८८८ मध्ये वेगळे केले. विद्यापीठात प्राध्यापक झाले ते १८९५ मध्ये. पुढे १९०१ मध्ये त्यांनी अ‍ॅझोटोबॅक्टर या जिवाणूचे वर्णन केले. पेरणीआधी बियाण्याला गाठींतले रायझोबियम किंवा अ‍ॅझोटोबॅक्टर चोळणारे महाराष्ट्रातले शेतकरी हेच जिवाणू वापरतात.

तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगावरचे त्यांचे काम याहून धाडसी होते. रोगट पानांचा रस त्यांनी जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून काढला. तरीही तो निरोगी रोपांना रोग लावत होता. रशियात इव्हानोव्हस्की यांना १८९२ मध्ये हेच आढळले होते, पण त्यांचा संशय जिवाणूंवरून हटला नाही. रोगकारक घटक केवळ वाढत्या, जिवंत पेशींतच वाढतो, म्हणजे तो साधे विषही नव्हे आणि जिवाणूही नव्हे, असे बायरिंक यांनी १८९८ मध्ये मांडले. त्यांनी त्याला विषाणू म्हटले. हा घटक द्रवरूप असतो हा त्यांचा तर्क मात्र पुढे चुकीचा ठरला.

बायरिंक अविवाहित, तापट, विद्यार्थ्यांना धाक वाटावा असे. १९२२ मध्ये त्यांच्या जागी आलेले आल्बर्ट क्लॉयव्हर मनमिळाऊ होते. वरवर कितीही वेगळ्या दिसल्या, तरी सर्व सजीवांतील मूलभूत रासायनिक क्रिया सारख्याच असतात, हा विचार त्यांनी १९२६ मध्ये मांडला. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या काळात यीस्ट कारखान्याने गुपचूप पेनिसिलिन तयार केले, तेव्हा क्लॉयव्हर कारखान्याचे सल्लागार होते.

याच कारखान्याच्या वारस कंपनीच्या सांडपाणी संयंत्रात प्राणवायूविना अमोनियाचे नायट्रोजन वायूत रूपांतर होताना आढळले. त्यामागच्या जिवाणूंचा छडा विद्यापीठातील गेइस क्यूनेन यांच्या गटाने १९९०च्या दशकात लावला. या जिवाणूंनी सांडपाण्यातला अमोनिया काढण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर प्रथम रॉटरडॅममध्ये २००२ मध्ये वापरली गेली. डेल्फ्टच्याच मार्क फान लोसड्रेख्त यांनी घट्ट दाण्यांच्या रूपात वाढणाऱ्या जिवाणूंनी सांडपाणी शुद्ध करण्याचे तंत्र विकसित केले. त्यात गाळ लवकर तळाशी बसतो आणि जागाही कमी लागते. २०१८ चा स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांना अमेरिकेच्या ब्रूस रिटमन यांच्यासह मिळाला.