नावाला चिकटलेलं पान

निर्दोष सुटल्याचा निकालच एखाद्याच्या नोकरीच्या आड येऊ शकतो का? येऊ शकतो. भारतीय वंशाचा एक अमेरिकी नागरिक 2009 मध्ये भारतात आला आणि अमली पदार्थांच्या खटल्यात अडकला. 2011 मध्ये तो निर्दोष सुटला. 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही सुटका कायम ठेवली. तो परत गेला, कायदा शिकला, चांगल्या मार्कांनी पास झाला. पण कुणीही त्याचं नाव गूगलवर टाकलं की तो निकाल पुढ्यात हजर! नोकरी मिळणं मुश्किल झालंय, असं सांगत तो पुन्हा त्याच न्यायालयाच्या पायऱ्या चढला.

12 एप्रिल 2021 चा अंतरिम आदेश मोठा गमतीचा आहे. गूगलने हा निकाल शोधातून काढावा आणि ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळाने शोधयंत्रांतून त्याच्याकडे येणारी वाट बंद करावी, असं न्यायालयाने सांगितलं. निकाल पुसून टाका, असं मात्र सांगितलं नाही. पान जागच्या जागी राहणार, फक्त नाव टाकून तिथे पोचता येणार नाही.

हे शक्य होतं, कारण आपण शोध घेतो तेव्हा गूगल इंटरनेट धुंडाळत बसत नाही. धुंडाळणं आधीच उरकलेलं असतं. ‘गूगलबॉट’ नावाचा प्रोग्राम अहोरात्र एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात असतो आणि कुठला शब्द कुठल्या पानावर सापडला, याची नोंद होत राहते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशी. फक्त गूगलच्याच सांगण्याप्रमाणे या सूचीत शेकडो अब्ज पानं आहेत. एचआरवाल्या बाईंनी उमेदवाराचं नाव टाकून एंटर दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं ते या सूचीतून.

म्हणजे पान वेगळं आणि त्याची नोंद वेगळी. पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’ एवढा एक शब्द घातला, की गूगलबॉट तो वाचतो आणि पान निमूटपणे सूचीतून वगळतो. उलटही घडतं. कॉलेजात असताना तावातावाने लिहिलेला ब्लॉग तुम्ही आज उडवलात, तरी बॉट पुन्हा फिरकेपर्यंत त्यातल्या दोन ओळी शोधात दिसत राहू शकतात. अशा शिळ्या नोंदी ताज्या करून घ्यायला गूगलचाच एक फॉर्म आहे. फुकट आहे, पण फारच थोड्यांना ठाऊक असतो.

म्हणून नोकरीचा अर्ज धाडण्याआधी इनकॉग्निटो विंडो उघडून स्वतःला शोधावं. लॉगइन असताना आपल्या जुन्या शोधांचा रंग उत्तरांना लागू शकतो. नाव अवतरणचिन्हांत टाकावं, सोबत कॉलेज किंवा गाव. पाटील-कुलकर्णी मंडळींना गर्दीचा आडोसा असतो खरा. पण त्याच गर्दीतल्या एखाद्या नामसाधर्म्यवाल्याचे प्रताप आपल्या खात्यावर जमा होण्याची भीतीही असते. त्यावर उपाय म्हणजे आपलं स्वतःचं एक ठळक पान. लिंक्डइनवर प्रोफाइलचा पत्ता बदलून आपल्या नावाचा करता येतो. रेझ्युमेवर नावाचं जे स्पेलिंग, तेच तिथेही ठेवायचं.

नोकरी डॉट कॉमवर तर सगळा खेळच उलटा. तिथे रिक्रूटरला तुमचं नाव माहीतच नसतं. तो ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘पुणे’ असे शब्द टाकतो, अनुभवाची वर्षं आणि नोटीस पिरियड निवडतो आणि सूचीतून माणसं वर येतात. तरीही कित्येकांच्या हेडलाइनमध्ये ‘मेहनती, होतकरू, शिकण्याची आवड’ असतंच. ‘होतकरू’ टाइप करून अकाउंटंट शोधणारा रिक्रूटर अजून जन्माला यायचाय. त्या जागी टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, टीडीएस असं रोजच्या कामाचं नावानिशी लिहा.